कुष्ठसेवा आणि रुग्णाचे गुपित

वर्धा जिल्ह्यातील कुष्ठसेवेचा इतिहास हा रुग्णाच्या गुपिताचाही इतिहास होय. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे केंद्र उभारले. तेथे राहावयास जाणे म्हणजेच रोग जाहीर होणे होते. १९५१ मध्ये वर्ध्यास गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली आणि डॉ. वारदेकर यांनी पाहणी, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री रूढ केली. डॅप्सोनमुळे रुग्णास घरीच राहून उपचार घेणे शक्य झाले व सेवकच गावोगाव जाऊ लागला. पाहणीत घरातील सर्वांचीच तपासणी होत असल्याने कोणी एकटा उघडा पडत नसे. परंतु उपचारासाठी तोच सेवक त्याच दारी पुनःपुन्हा आला, की शेजाऱ्यांस अर्थ उमगण्यास कितीसा वेळ लागणार? आणि त्याची किंमत मोठी होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तीव्र व असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. कुष्ठरोगाचे हे कारण २०१९ मध्ये वगळण्यात आले. तात्पर्य, दवाखान्यात गुपित राखावयास भिंती असतात. गावात ते सेवकाच्या विवेकावरच अवलंबून राहते. रोग शोधणे हे जितके त्याचे कर्तव्य, तितकेच शोधलेले न बोलणे हेही होय.