वैद्यकीय प्रवेशाची बदलती द्वारे आणि ग्रामीण ठाणे : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या विशेष संदर्भात

सारांश

वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची पद्धत गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलली. प्रत्येक बदल गुणवत्तेच्या व न्यायाच्या नावाने झाला. प्रस्तुत निबंधात या बदलांकडे शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या दृष्टीने पाहिले आहे. निर्णायक परीक्षा आणि गावातील वर्ग यांच्यातील अंतर केव्हा कमी झाले व केव्हा वाढले, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

बीजशब्द : वैद्यकीय प्रवेश, शालान्त परीक्षा, प्रवेश परीक्षा, अध्यापनाचे माध्यम, जात पडताळणी, ग्रामीण ठाणे.

प्रस्तावना

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके होत. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार शहापूर हा संपूर्ण तालुका व मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या जमाती तसेच कुणबी व आगरी शेतकरी समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून आहेत. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणापासून पुढे भातसा प्रकल्पापर्यंत मुंबईची तहान या परिसराने भागवली. रेल्वे वाशिंदला १८५५ मध्ये आणि कसाऱ्याला १८६१ मध्ये आली. मुरबाड मात्र संपूर्ण विसाव्या शतकात रेल्वेवाचून राहिले आणि कल्याण–माळशेज रस्त्यावरच अवलंबून होते. मुंबईच्या इतक्या निकट असलेल्या या भागाला मुंबईतील वैद्यकीय शिक्षण कितपत जवळ होते, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

संशोधनाची उद्दिष्टे

१) वैद्यकीय प्रवेशाच्या पद्धतीतील ऐतिहासिक टप्प्यांचा आढावा घेणे.
२) शालेय परीक्षा व वैद्यकीय प्रवेश यांच्यातील बदलत्या संबंधाचे विश्लेषण करणे.
३) या बदलांचा ग्रामीण व आदिवासी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अन्वयार्थ लावणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

दोन द्वारांचा काळ (१८४५ ते १९४६)

मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान होते. येथील शिक्षण इंग्रजीतून होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा होऊ लागली. तेव्हापासून इंग्रजी शाळा आणि मॅट्रिक या दोन पायऱ्या चढल्याशिवाय वैद्यकीय पदवीकडे जाता येईना.

याच महाविद्यालयात १८६१ मध्ये मराठी व गुजराती भाषांतून वैद्यक शिकवणारे वर्ग सुरू झाले होते, ही बाब आज फारशी स्मरणात नाही. या वर्गांतून दवाखान्यांसाठी साहाय्यक वैद्य तयार होत. पुढे पुण्यात १८७८ मध्ये बैरामजी जीजीभाई वैद्यकीय विद्यालय निघाले. पदवीचे एक द्वार आणि त्याहून कमी कालावधीचे, कमी खर्चाचे दुसरे द्वार अशी ही रचना होती. दुसऱ्या द्वारातून बाहेर पडणाऱ्यास प्रतिष्ठा व वेतन कमी मिळे, हे खरे. तथापि तालुक्याच्या दवाखान्यात प्रत्यक्ष भेटणारा वैद्य बहुधा तोच असे.

कल्याणच्या जोशी कुटुंबातील आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी संपादन केली. मुरबाडचा माणूस ज्या कल्याणच्या बाजारात जात असे, त्याच गावाशी हे नाव जोडलेले आहे. परंतु कल्याणहून अमेरिकेपर्यंतचा हा प्रवास अपवादात्मक होता. तालुक्यातील सर्वसामान्य कुटुंबासाठी त्यातून वाट निर्माण झाली नाही.

१९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. कमी कालावधीचे अभ्यासक्रम बंद करून सर्वत्र एकाच दर्जाचा डॉक्टर घडवावा, अशी शिफारस तीत होती. काही सदस्यांनी असहमती नोंदवली. मात्र पुढील धोरण बहुमताच्या दिशेने गेले. दुय्यम दर्जाचा डॉक्टर ग्रामीण जनतेच्या माथी मारू नये, ही यामागील भूमिका न्याय्यच होती. तिचा दुसरा परिणाम असा की, डॉक्टर होण्याचे आता एकच द्वार उरले, आणि त्याची किल्ली शहरातील महाविद्यालयांत होती.

मॅट्रिक ते इंटर सायन्स

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेने घेतली. अकरावीअखेर ही परीक्षा देऊन विद्यार्थी महाविद्यालयात जाई आणि इंटर सायन्सच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश ठरे. शालान्त परीक्षेपर्यंतचा प्रवास तालुक्यात होऊ शके. पुढील दोन निर्णायक वर्षे मात्र शहरात काढावी लागत. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी विज्ञानाच्या विद्यार्थ्यास उल्हासनगर, ठाणे किंवा मुंबई गाठणे भाग होते. खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रयोगशाळेचे शुल्क यांचा भार भातशेतीवर जगणाऱ्या कुटुंबास पेलणे कठीण होते.

आदिवासी पाड्यांत तर प्रश्न त्याही आधीचा होता. बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी सेवा मंडळाने ठाणे जिल्ह्यात शाळा व वसतिगृहांचे काम हाती घेतले. पुढे शासकीय व अनुदानित आश्रमशाळांचा विस्तार झाला. या संस्थांनी मुलांना अक्षरओळखीपासून शालान्त परीक्षेपर्यंत आणले, हे मोठे ऐतिहासिक कार्य होय. विज्ञान शाखेची सोय मात्र सर्वच उच्च माध्यमिक आश्रमशाळांत उपलब्ध झाली नाही.

बारावी तालुक्यात आली

नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि त्यानंतर दोन वर्षांनी पहिली तुकडी बारावीपर्यंत पोहोचली. वैद्यकीय प्रवेश आता बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांतील गुणांवर होऊ लागला. या बदलाचे महत्त्व पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. बारावीचे वर्ग माध्यमिक विद्यालयांना जोडले जाऊ लागल्याने निर्णायक परीक्षा प्रथमच तालुक्याच्या आवाक्यात आली. जे वर्गात शिकवले जाई त्याचीच परीक्षा होई, आणि त्याच परीक्षेवर प्रवेश ठरे.

मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या लातूरमध्ये राजर्षी शाहू महाविद्यालयाने या पद्धतीचा कसा उपयोग करून घेतला, हे सर्वश्रुत आहे. नियमित अध्यापन, सराव परीक्षा आणि उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी या बळावर तेथील संस्थांनी गुणवत्ता यादीत स्थान मिळवले. 'लातूर पॅटर्न'वर घोकंपट्टीचा आरोप झाला व तो सर्वस्वी निराधार नव्हता. तरीही महानगराबाहेरील महाविद्यालय निर्णायक परीक्षेची तयारी स्वतः करून घेऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. शहापूर व मुरबाडमध्ये असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर उभा राहिला नाही. शहापूरचे सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय कला व वाणिज्य शाखांचे. शिवळे येथील शांतारामभाऊ घोलप महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे.

या पद्धतीचे दोषही होते. प्रात्यक्षिकांचे गुण व परीक्षा केंद्रांवरील गैरप्रकार यांमुळे गुणांच्या विश्वासार्हतेवर शंका घेतल्या गेल्या. १९८३ नंतर विनाअनुदानित वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि देणगीचा मार्ग रुंदावला; तो रोखण्यासाठी १९८७ चा कायदा करावा लागला. गुणवत्तेची अधिक निःपक्ष कसोटी असावी, ही मागणी या पार्श्वभूमीवर स्वाभाविक होती.

परीक्षा दोन, वर्ग एक

१९९० च्या दशकाच्या अखेरीस राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. पुढे राष्ट्रीय पातळीवरील 'नीट' २०१३ मध्ये झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने तो निकाल मागे घेतला. २०१६ मध्ये अध्यादेशाद्वारे राज्यांना सवलत मिळाली आणि २०१७ पासून महाराष्ट्रातील प्रवेश 'नीट'नुसार होऊ लागले. बारावीचे गुण पात्रतेपुरते उरले : खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के व राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के. क्रम ठरला तो ७२० गुणांच्या बहुपर्यायी परीक्षेवर.

शाळेची परीक्षा आणि प्रवेशाची परीक्षा येथे विलग झाल्या. उत्तर सविस्तर लिहिण्याचे कौशल्य एकीकडे व मर्यादित वेळेत अचूक पर्याय निवडण्याचे कौशल्य दुसरीकडे. पहिले तालुक्यातील वर्गात शिकवले जाते; दुसरे कल्याण, ठाणे वा त्याहून दूरच्या खासगी शिकवणीत विकत घ्यावे लागते. राज्य मंडळाने २०१९-२० मध्ये अकरावीची व त्याच्या पुढील वर्षी बारावीची नवी पाठ्यपुस्तके आणली. परंतु परीक्षेच्या स्वरूपातील भेद पाठ्यपुस्तक बदलल्याने मिटत नाही.

भाषेचा दुहेरी वळसा

मराठी माध्यमातील विद्यार्थी दहावीपर्यंत 'प्रकाशसंश्लेषण' व 'त्वरण' शिकतो. अकरावीत त्याच संकल्पना त्याला 'फोटोसिंथेसिस' व 'ॲक्सिलरेशन' म्हणून नव्याने भेटतात, कारण विज्ञान शाखेचे अध्यापन इंग्रजीतून होते. 'नीट'ची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळू लागली, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र दोन वर्षे इंग्रजीत शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती ती येते तेव्हा मराठी परिभाषेचा सराव सुटलेला असतो, आणि भाषांतराबाबत संदिग्धता उद्भवल्यास इंग्रजी पाठच ग्राह्य धरला जातो. १८६१ मध्ये मराठीतून वैद्यक शिकवण्याचा प्रयोग झालेल्या प्रांतात मराठी आज प्रश्नपत्रिकेपुरती उरावी, हा इतिहासाचा विपर्यास म्हणावा लागेल.

प्रमाणपत्राची परीक्षा

आदिवासी विद्यार्थ्यास आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ठाण्याच्या आदिवासी विकास अपर आयुक्तांविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ रोजी दिलेला निकाल देशभरातील जात पडताळणीचा पाया ठरला. महादेव कोळी असल्याच्या दाव्यावर मिळवलेल्या वैद्यकीय व दंतवैद्यकीय प्रवेशांतूनच हा वाद उद्भवला होता. खोट्या दाव्यांमुळे खऱ्या आदिवासींच्या जागा जातात, ही न्यायालयाची चिंता रास्त होती. पडताळणीसाठी प्रवेशापूर्वी किमान सहा महिने अर्ज करावा, असेही न्यायालयाने सांगितले. पुढे राज्याने यासंबंधी स्वतंत्र कायदा केला.

अडचण पुराव्याची आहे. १९५० पूर्वीची कागदपत्रे शाळेचा दाखला किंवा महसुली नोंदी यांतून शोधली जातात. ज्याचे आजोबा शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावे जमीन नव्हती आणि जे दरवर्षी वीटभट्टीवर स्थलांतर करीत, त्या कातकरी कुटुंबाकडे हा पुरावा सहजी नसतो. ज्याच्या संरक्षणासाठी पडताळणी आली, त्यालाच ती सर्वाधिक जड जाते.

निष्कर्ष व सूचना

१) १९४६ नंतर वैद्यकीय शिक्षणाचे दुय्यम द्वार बंद झाले. दर्जाच्या दृष्टीने ते योग्य असले, तरी ग्रामीण विद्यार्थ्यासाठी उरलेल्या एकमेव द्वाराची वाट सोपी करण्याची जबाबदारी त्यासोबत पार पाडली गेली नाही.
२) बारावीच्या गुणांवरील प्रवेशाचा काळ सदोष होता; तथापि वर्ग व निर्णायक परीक्षा यांत त्या काळात सर्वांत कमी अंतर होते.
३) केंद्रीय प्रवेश परीक्षेने मूल्यमापनात एकसमानता आणली, पण तयारीची जबाबदारी शिक्षणसंस्थेकडून कुटुंबाच्या खिशाकडे सरकवली.
४) २०२४ मध्ये अंबरनाथ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालय जवळ आले म्हणजे प्रवेश जवळ आला असे होत नाही, हे मुंबईलगतच्या या तालुक्यांचा इतिहास सांगतो.

यास्तव कनिष्ठ महाविद्यालयांनी दहावीनंतरच्या सुटीत मराठी–इंग्रजी परिभाषेचा सेतू वर्ग घ्यावा, बहुपर्यायी सराव नियमित वेळापत्रकात आणावा आणि अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच पडताळणीच्या कागदपत्रांची छाननी सुरू करावी. यांतील कोणत्याही गोष्टीस नवा कायदा लागत नाही. शासनाने परीक्षा कोणतीही ठेवो, तिच्यापर्यंतचे अंतर कमी करणे हे वर्गात शिकवणाऱ्यांच्या हाती काही अंशी निश्चितच आहे.