नावाने इंग्लिश, मुळाने पिरेनीजचे

बडोद्यात चार-चार पिढ्या काढलेल्या आपल्या घरांवर आजही सातारकर, नगरकर अशा पाट्या दिसतात. गाव सुटले तरी आडनावात राहिले. युरोपातल्या एका कंदफुलाचे मात्र उलटे झाले. मूळ गाव विसरले गेले आणि वाटेतल्या मुक्कामाचे नाव चिकटले.

हे फूल म्हणजे ‘इंग्लिश आयरिस’. इंग्लंडच्या रानात ते मुळात नव्हतेच. त्याचे माहेर फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरील पिरेनीज पर्वत आणि उत्तर स्पेनमधली ओलसर कुरणे. सोळाव्या शतकात त्याचे कंद ब्रिस्टल बंदरामार्गे हॉलंडात गेले असे मानतात. १५९३ मध्ये लायडेनला आलेले थोर वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस यांच्यापर्यंतही ते इंग्लंडचे म्हणूनच पोचले.

बहुतेक कंदवर्गीय आयरिसांना फुले सरल्यावर कोरडी माती लागते. याला मात्र उन्हाळ्यातही ओल हवी. त्यामुळे इंग्लंडच्या पावसाळी हवेत ते छान रुजले, आणि नाव चुकीचे असले तरी अगदीच अनाठायी नव्हे, असे आम्हाला वाटते. शरद ऋतूत कंद दहा-पंधरा सेंटिमीटर खोल लावले की जून-जुलैत निळी, जांभळी, पांढरी फुले येतात. खालच्या पाकळ्यांवर पिवळा डाग असतो, पण संपूर्ण पिवळे फूल यात नाही.

लंडनच्या चेल्सी उद्यानाचे फिलिप मिलर यांनी १७६८ मध्ये त्याला ‘लॅटिफोलियम’, म्हणजे रुंद पानांचे, म्हटले. आजचे शास्त्रीय नाव आयरिस लॅटिफोलिया त्यावरूनच आले. त्यात कुठल्याच गावाचा उल्लेख नाही. कंद विकणारे मात्र अजून ‘इंग्लिश’च म्हणतात.