परवाना कोणी द्यायचा? तंजावरच्या बसमार्गांचा धडा

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाला तंजावर हे नाव बहुधा तीन गोष्टींमुळे परिचित असते: व्यंकोजीराजांनी स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख. याच तंजावर जिल्ह्यातील बसमार्गांवरून स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत जे खटले झाले, त्यांनी आपल्या प्रशासकीय कायद्याला मोलाचा धडा दिला. ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या कानावर गेलेली नाही. रस्ते, वाहने आणि वाहनचालक यांच्याविषयीचे नियम बदलण्याचा विचार राज्याराज्यांत सतत चालू असतो. अशा वेळी चर्चा होते ती दंडाच्या आकड्यांची. तंजावरचा इतिहास आपल्याला निराळा प्रश्न विचारायला शिकवतो: निर्णय नेमका कोणाच्या हाती दिला आहे?

मोटारी येण्यापूर्वी राज्यसंस्थेचा रस्त्याशी येणारा संबंध मुख्यतः दोन प्रकारचा असे, वाटसरूची सोय आणि जकात. १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, तरी दुसऱ्या सरफोजीराजांनी रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी असलेल्या छत्रांची व्यवस्था मोठ्या आस्थेने सांभाळली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांच्याच काळातले. वाटसरूला अन्न आणि निवारा देणे हा राजधर्म होता. गाडी हाकणाऱ्याची परीक्षा घ्यावी आणि अमुक वाटेवर अमुकानेच उतारू न्यावेत असे ठरवावे, ही कल्पना मोटारीबरोबर आली.

मोटारींविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्याचा भर सुरक्षिततेवर होता: वाहनाची नोंदणी, चालकाचे लायसन्स, वेग. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बसगाड्या वाढल्या आणि त्यांची रेल्वेशी स्पर्धा सुरू झाली. तंजावर जिल्ह्यात या स्पर्धेला स्थानिक धार होती. तेथील जिल्हा बोर्डाने स्थानिक करातून स्वतःची रेल्वे उभारली होती आणि १८९४ मध्ये तिची मायावरम् ते मुत्तुपेट्टै ही वाट सुरू झाली होती. कावेरीच्या सपाट, दाट वस्तीच्या मुलुखात बस जवळजवळ प्रत्येक गावाच्या वेशीपर्यंत जाई. रेल्वेला ते शक्य नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. चालकाचे लायसन्स ही व्यवस्था त्यात राहिलीच. तिच्या जोडीला प्रवासी बसच्या परमिटची तपशीलवार व्यवस्था आली. लायसन्स माणसाच्या कौशल्याबद्दल असते, परमिट मार्गाबद्दल. परमिट देण्याचे काम प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे सोपवण्यात आले. अर्ज मागवायचे, ते प्रसिद्ध करायचे, हरकती ऐकायच्या आणि लोकहित पाहून निर्णय द्यायचा, अशी ती पद्धत होती. स्वरूपाने हे प्राधिकरण सरकारी असले, तरी त्याचे काम बरेचसे न्यायाधीशासारखे होते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. एखाद्या मार्गावर दोनच परमिटे द्यायची असे ठरले, की त्या कागदाला गाडीपेक्षाही अधिक किंमत येते. टंचाई सरकारने निर्माण केलेली असते आणि तिचा नफा परमिटधारकाच्या पदरात पडतो. साहजिकच प्रत्येक परमिटासाठी चुरस लागते आणि निर्णय देणाऱ्यावर सर्व बाजूंनी दबाव येतो. दबाव आणणाऱ्यांत खुद्द सरकारही असू शकते.

१९४८ हे वर्ष या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. कायदा एकच, पण दोन प्रांतांनी दोन वाटा धरल्या. मुंबई प्रांताने स्वतःच्या बस चालवायचे ठरवले आणि १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. मद्रास प्रांतात ग्रामीण भागातील बसवाहतूक प्रामुख्याने खासगी कंपन्यांकडेच राहिली. तेथील सरकारच्या मनातही राष्ट्रीयीकरणाचा विचार होता. म्हणून त्याने प्राधिकरणांना सूचना दिली की तूर्त तात्पुरतीच परमिटे द्यावीत. श्री रामविलास सर्व्हिस या बसकंपनीच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने अशी सूचना देण्याचा अधिकार सरकारला नाही, असा निर्णय दिला. कायद्याने निर्णय प्राधिकरणाकडे सोपवला असताना सरकारने मध्येच हात घालणे न्यायालयाला मान्य नव्हते.

यावर मद्रासच्या विधिमंडळाने उपाय काढला तो कायदा बदलण्याचा. वाहनांचा विषय समवर्ती असल्यामुळे प्रांताला केंद्रीय कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती करता येत होती. १९४८ च्या विसाव्या अधिनियमाने दोन कलमे घातली गेली. कलम ४३-अ ने सरकारला परिवहन प्राधिकरणांना सर्वसाधारण स्वरूपाचे आदेश देण्याचा अधिकार मिळाला आणि ते आदेश अमलात आणणे प्राधिकरणांना बंधनकारक झाले. कलम ६४-अ ने प्राधिकरणांच्या निर्णयांची कागदपत्रे मागवून त्यांत फेरबदल करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. दोन्ही कलमे वाचायला साधी. त्यांच्या अर्थाचा उलगडा होण्यास मात्र सोळा वर्षे लागली आणि त्यातला मोठा भाग तंजावर जिल्ह्यातील कंपन्यांच्या खटल्यांतून झाला.

कुंभकोणमची रामन अँड रामन ही कंपनी १९५६ मध्ये आणि पुन्हा १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दिसते. पहिल्या वेळी वाद कलम ६४-अ खालच्या सरकारी फेरतपासणीचा होता, दुसऱ्या वेळी कलम ४३-अ खालच्या आदेशांचा. दुसऱ्या निकालात बहुमताने असे ठरले, की हे आदेश प्रशासकीय स्वरूपाचे आहेत आणि त्यांना कायद्याचे बळ नाही. त्यांतून अर्जदाराला कोणताही हक्क प्राप्त होत नाही. यातून एक चमत्कारिक अवस्था निर्माण झाली. अधिकाऱ्याला आदेश पाळणे भाग होते, पण नागरिकाला त्या आदेशावर बोट ठेवून न्याय मागता येत नव्हता.

दरम्यान २८ एप्रिल १९५६ रोजी मद्रास सरकारने एक आदेश काढला. त्यात परमिटाच्या अर्जदारांना गुण देण्याची पद्धत होती. गाड्यांचा किफायतशीर ताफा, दुरुस्तीच्या कारखान्याची सोय, मार्गावरील रहिवास किंवा व्यवसायाचे ठिकाण, अनुभव अशा रकान्यांत गुण भरायचे आणि बेरीज करायची. तंजावर–मन्नारगुडी या वडुवूरमार्गे जाणाऱ्या बसमार्गाच्या परमिटाचा वाद याच गुणांवरून १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका बाजूला तंजावरचा एक वाहतूकदार, दुसऱ्या बाजूला कुंभकोणमची एस.आर.व्ही.एस. कंपनी. मार्ग एका जिल्ह्यातला, बस एक, आणि वाद दिल्लीत. परमिटाची किंमत काय होती, हे यावरून ध्यानात यावे.

सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रत्येक प्राधिकरणाने आपापल्या मर्जीने निर्णय द्यायचे म्हटले, तर एका जिल्ह्यात एक न्याय आणि शेजारच्या जिल्ह्यात दुसरा, असे होणार. मर्जी आली की वशिला आला. गुणांचे कोष्टक ठेवले तर निदान कारण कागदावर येते. माझ्या सेवेत मी अशी कोष्टके भरली आहेत आणि इतरांनी भरलेली तपासलीही आहेत. त्यांचा उपयोग मी नाकारणार नाही. कोष्टक दुबळ्या अधिकाऱ्याला आधार देते आणि मुजोर अधिकाऱ्याला लगाम घालते.

तरीही १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द ठरवला. बी. राजगोपाल नायडू यांचा तो खटला मद्रास राज्यातील दुसऱ्या एका मार्गाचा होता. निकाल लिहिला होता सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. साताऱ्यात जन्मलेल्या या मराठी न्यायाधीशाने तंजावर परिसरातून सुरू झालेल्या वादाचा शेवट करावा, हा योगायोग आपल्याला सुखावणारा आहे. निकालाचे सार असे, की परिवहन प्राधिकरण परमिटाचा निर्णय देते तेव्हा ते अर्धन्यायिक काम करीत असते. प्रशासनाविषयी सर्वसाधारण आदेश देण्याचा अधिकार कलम ४३-अ ने सरकारला दिला असेल, पण न्याय कसा द्यायचा हे प्राधिकरणाला बाहेरून सांगण्याचा अधिकार दिलेला नाही. कलम वैध राहिले, त्याखालचा तो आदेश गेला.

या निकालाचा अर्थ प्राधिकरणाने मनमानी करावी असा नव्हे. निकष हवेतच. पण ते विधिमंडळाने कायद्यात किंवा रीतसर केलेल्या नियमांत घालावेत, म्हणजे ते सर्वांना आधी कळतील आणि त्यांच्या आधारे दाद मागता येईल. सचिवालयातून निघालेल्या आणि सोयीनुसार बदलता येणाऱ्या पत्राने ते काम होत नाही. समोर बसलेल्या अर्जदाराचे म्हणणे जो ऐकतो, त्याच्याच मनाने निर्णय व्हायला हवा. ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा असे झाले, तर सुनावणी हा केवळ उपचार उरतो.

पुढे मद्रास राज्याचा, म्हणजे तमिळनाडूचा, मार्गही बदलला. १९७१ च्या कायद्याने मोठ्या बसकंपन्यांच्या गाड्या ताब्यात घेतल्या गेल्या आणि १९७२ मध्ये कुंभकोणम येथे चोळन रोडवेज हे सरकारी महामंडळ सुरू झाले. १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्याने परमिटांची टंचाई बरीच सैल केली. जुने खटले कायद्याच्या पुस्तकांत राहिले. त्यांतला प्रश्न मात्र आजही जिवंत आहे.

२०१९ ची दुरुस्ती घ्या. विनालायसन्स गाडी चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपये झाला. गुजरातने त्याच सप्टेंबरात काही तडजोड रकमा कमी केल्या. राज्यांना कायद्यातील किमान दंडाखाली जाता येणार नाही, असे केंद्राने जानेवारी २०२० मध्ये महान्यायवादींच्या मताच्या आधारे कळवले. महाराष्ट्राने नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले, तमिळनाडूने ऑक्टोबर २०२२ मध्ये. वृत्तपत्रे दंडाच्या तक्त्यांनी भरून गेली. त्याच दुरुस्तीतील दुसरी एक तरतूद फार कमी वाचली गेली. काही गुन्ह्यांत पोलिसाने लायसन्स जप्त करून ते परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे, आणि चालकाला अपात्र ठरवायचे की नाही हे त्या अधिकाऱ्याने, चालकाचे म्हणणे ऐकून घेऊन, ठरवायचे आहे. येथे तंजावरचा धडा थेट लागू होतो. अमुक दिवसांत अमुक इतकी लायसन्से निलंबित करा, असे उद्दिष्ट वरून आले, तर ऐकून घेण्याला अर्थ काय राहिला?

दुसरे उदाहरण २०२१ चे. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या उमेदवाराला परिवहन कार्यालयातील वाहन चाचणीतून सूट देणारे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. कार्यालयातील चाचणी कशी होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे या बदलाचा हेतू समजण्यासारखा आहे. पण ‘हा माणूस रस्त्यावर गाडी चालवायला योग्य आहे’ असे म्हणण्याचे काम येथे फी घेणाऱ्या संस्थेकडे गेले. तिच्यावर देखरेख कोण करणार आणि तिच्या चुकीचा जाब कोण देणार, हा प्रश्न दंडाच्या रकमेहून मोठा आहे.

कारण यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. अपघातांची सर्वाधिक नोंद तमिळनाडूत झाली, ६४,१०५, आणि त्यांत १७,८८४ जणांचा मृत्यू झाला. अपात्र हाती गेलेले लायसन्स आणि वशिल्याने मिळालेले परमिट यांचा हिशेब शेवटी रस्त्यावरच होतो. तसेच, योग्य चालकाचे लायसन्स केवळ उद्दिष्टपूर्तीसाठी काढून घेतले, तर एका कुटुंबाची रोजीरोटी जाते.

१६ जून २०२५ रोजी तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी नव्या मिनी बस योजनेचा आरंभ तंजावरमध्येच केला. बस न पोहोचलेल्या वस्त्यांना जोडण्यासाठी खासगी मिनी बसना परमिटे देण्याची ही योजना आहे. म्हणजे परमिटांचे अर्ज, मार्ग आणि त्यांवरची चुरस हे सारे त्या जिल्ह्यात पुन्हा आले. आपण राहतो त्या राज्याच्या विधिमंडळात रस्त्याविषयीचा कायदा बदलण्याचे विधेयक आले, की त्याची दंडाची अनुसूची अवश्य वाचावी. तिच्याआधी मात्र ज्या कलमात ‘शासन निदेश देऊ शकेल’ असे शब्द असतील ते शोधावे आणि निदेश कोणाला, कशाबद्दल व कितपत देता येतील, हे आपल्या आमदाराला विचारावे.