कॅलिपर (मज्जारज्जूच्या इजेनंतरचे)

मज्जारज्जूला इजा होऊन दोन्ही पाय लुळे पडलेल्या व्यक्तीला उभे राहता व थोडेफार चालता यावे, यासाठी पायांना बाहेरून बांधायचा आधार. वैद्यकीय परिभाषेत ऑर्थोसिस. रुग्ण व घरचे लोक मात्र कॅलिपरच म्हणतात. पूर्वी ते पोलाद व चामड्याचे असत; आता पॉलिप्रॉपिलीन व ॲल्युमिनियम अधिक वापरतात.

प्रकार : कॅलिपर किती लांब हवे, हे इजेच्या पातळीवर ठरते. इजा कमरेच्या खालच्या मणक्यांपाशी असून मांडीचे पुढचे स्नायू शाबूत असतील, तर गुडघा स्वतःच सावरला जातो आणि घोट्यापुरता आधार पुरतो. छातीच्या मणक्यांपाशी इजा असल्यास मांडीपासून पावलापर्यंतचे कॅलिपर लागते. त्यात गुडघ्याच्या बिजागरीवर बहुधा सरकती कडी असते. पाय सरळ केला की कडी खाली बसते व गुडघा ताठ राहतो. बसताना ती हाताने वर ओढायची.

अमेरिकेतील डेन्व्हरच्या क्रेग रुग्णालयातून आलेल्या स्कॉट-क्रेग कॅलिपरमध्ये घोटा किंचित वर वळलेल्या स्थितीत पक्का केलेला असतो. कंबर पुढे टाकून उभे राहिले की जांघेपुढचे अस्थिबंध ताणले जातात आणि स्नायूंविना धड तोलून धरतात. दुसऱ्या एका रचनेत दोन्ही खुब्यांचे सांधे तारेने जोडलेले असतात : एक पाय मागे गेला की दुसरा पुढे येतो, त्यामुळे पावले आळीपाळीने पडतात.

मोटरवर चालणाऱ्या बाह्यसांगाड्यांपैकी ‘रीवॉक’ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली घरगुती वापरासाठी मान्यता दिली. त्याचे जनक, इस्रायली अभियंता अमित गॉफर, स्वतः अपघातामुळे चारही अवयवांनी अधू झाले होते. यंत्राला कुबड्या लागत असल्याने त्यांना ते वापरता येईना.

वापर व काळजी : आधी टिल्ट टेबलवर हळूहळू उभे करून रक्तदाब सांभाळतात, मग पॅरलल बारमध्ये व पुढे वॉकर किंवा कुबड्यांवर सराव होतो. सांधे आखडले असतील, तर कॅलिपर नीट बसत नाही. पायांना संवेदना नसल्याने पट्टा रुतला तरी कळत नाही. म्हणून कॅलिपर काढल्यावर आरसा धरून टाच, घोटा व मांडीची त्वचा रोज पाहावी. लाली लवकर न ओसरल्यास ते पुन्हा चढवू नये. हाडे ठिसूळ झालेली असतात, म्हणून पडणे टाळावे.

लांब कॅलिपरने चालताना शरीराचा भार हातखांद्यांवर येतो, दम लागतो आणि वेग चाकाच्या खुर्चीपेक्षा फार कमी राहतो. त्यामुळे लांबच्या अंतरासाठी बहुतेक जण खुर्चीच निवडतात. ही हार मानू नये. फडताळापर्यंत हात पोचणे, अरुंद दारातून आत जाणे, समोरच्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलणे : यांतले जे त्या व्यक्तीला हवे, ते साधले की कॅलिपर सार्थकी लागले.