एन-९५ मास्कचे निर्जंतुकीकरण

तुटवड्याच्या काळात वापरलेल्या एन-९५ मास्कवरील रोगजंतू मारून तो पुन्हा वापरण्याजोगा करण्याची प्रक्रिया. हा मास्क मुळात एकदा वापरून टाकून देण्यासाठी बनवलेला असतो. मार्च २०२० मध्ये कोविड-१९च्या साथीने रुग्णालयांतले साठे संपत आले आणि डॉक्टर-परिचारिकांच्या जिवाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा या प्रक्रियेला एकाएकी महत्त्व आले.

एन-९५चे बळ त्याच्या मधल्या थरात असते. पॉलिप्रॉपिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. त्यामुळे हवेतील बारीक कण तंतूंकडे ओढले जातात आणि श्वासही कोंडत नाही. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाचे पीटर त्साय यांनी १९९०च्या दशकात हे तंत्र विकसित केले. साबण किंवा अल्कोहोल लागले की हा भार नाहीसा होतो. मास्क स्वच्छ दिसतो, पण पूर्वीसारखा गाळत नाही.

म्हणून कोणत्याही पद्धतीला चार कसोट्या लागू होतात : जंतू मेले पाहिजेत, गाळणक्षमता टिकली पाहिजे, मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे आणि त्यात विषारी अंश उरता कामा नये. इथिलीन ऑक्साइड वायू या शेवटच्या कसोटीमुळेच धोक्याचा ठरतो.

हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सर्वांत भरवशाची ठरली. ओहायोतील बॅटेल संस्थेच्या यंत्रणेला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० च्या अखेरीस आपत्कालीन परवानगी दिली. सेल्युलोज असलेले मास्क मात्र ही वाफ शोषून घेतात, त्यामुळे ते यात चालत नाहीत.

नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने अतिनील-सी किरणांचा मार्ग धरला. हे किरण घडीत, सावलीत किंवा पट्ट्यांवर नीट पोहोचत नाहीत.

तिसरा मार्ग उष्णतेचा. निवृत्त झालेले त्साय साथीत पुन्हा कामाला लागले आणि त्यांनी ७० अंश सेल्सिअसच्या कोरड्या उष्णतेचा पर्याय सुचवला. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांच्या वाफेत काही मास्कचा आकार बिघडतो. मायक्रोवेव्हमध्ये नाकावरच्या धातूच्या पट्टीमुळे ठिणग्या उडू शकतात.

यंत्रे नसतील तेथे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने साधी पद्धत सुचवली : काही मास्क आळीपाळीने वापरायचे आणि प्रत्येक मास्क हवा खेळती राहील अशा कागदी पिशवीत किमान ५ दिवस ठेवायचा.

फाटलेला, रक्त लागलेला किंवा सैल झालेला मास्क कोणत्याही पद्धतीने पुन्हा वापरात आणू नये. पुरवठा सुरळीत झाल्यावर जून २०२१ अखेर अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने निर्जंतुकीकरण यंत्रणांच्या आपत्कालीन परवानग्या मागे घेतल्या.