चिखलाने जपलेली माणसे

श्रोतेहो, विहीर खणताना किंवा घराचा पाया घालताना कधी एखादे जुने खापर, कधी एखादे हाड वर येते. बहुतेक वेळा ते मातीबरोबर ढिगावर जाते आणि गोष्ट तिथेच संपते. आज अशा एका खोदकामाची हकीकत ऐका, जिथे ती संपली नाही.

अमेरिकेच्या आग्नेय टोकाला फ्लॉरिडा हे राज्य आहे. तिथे टायटसव्हिल गावाजवळ विंडोव्हर येथे १९८२ साली नव्या वसाहतीसाठी रस्ता चालला होता. वाटेत एक लहानसे तळे होते. त्यातला गाळ यंत्राने उपसता उपसता चालकाला माणसाची कवटी दिसली. त्याने यंत्र थांबवले आणि वर्दी दिली. तपासणीत हाडे फार जुनी ठरली. वसाहत बांधणाऱ्यांनी स्वतः पैसे मोजून त्यांचे वय काढवले. उत्तर आले, सात हजार वर्षांहून अधिक! म्हणजे मोहेंजोदडोच्याही कितीतरी आधीची ही माणसे. मग रस्त्याचा बेतच बदलला.

१९८४ ते १९८६ या काळात फ्लॉरिडा राज्य विद्यापीठाचे ग्लेन डोरान आणि त्यांचे सहकारी यांनी पाणी अखंड उपसत तिथे उत्खनन केले. १६८ माणसांचे अवशेष मिळाले. त्यांत जवळजवळ निम्मी मुलेच होती. ९१ कवट्यांत तर मेंदूचा अंशही शिल्लक होता. हे कसे घडले? तळ्याच्या तळाशी कुजक्या पाल्याचा दाट काळा थर होता. त्यात हवा शिरत नाही, म्हणून कुजण्याची क्रिया मंदावते. शिवाय ते पाणी आंबट नव्हते, त्यामुळे हाडेही विरली नाहीत.

ही माणसे शेती करीत नव्हती, मातीची भांडी घडवीत नव्हती. शिकार, मासे आणि रानातली फळे यांवर त्यांचा गुजारा. पण मृताला ती पाय पोटाशी घेऊन निजवीत, विणलेल्या कापडात गुंडाळीत आणि तो वर तरंगू नये म्हणून भोवती खुंट्या ठोकीत. असले कापड अनेक दफनांत सापडले, आणि वीण बघाल तर चांगली बारीक.

त्यांत सुमारे पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या पाठीचा कणा जन्मतःच नीट जुळलेला नव्हता. त्याला शिकार जमण्यासारखी नव्हती, दूर चालणेही कठीणच. तरी तो पंधरा वर्षे जगला. म्हणजे कुणीतरी त्याला रोज भरवले असेल, उचलून नेले असेल. रानात हिंडणारी माणसे म्हणजे केवळ बळी तो कान पिळी, असे वर्गात सांगण्याआधी गुरुजींनी या मुलाची आठवण जरूर ठेवावी.

आणखी एक गोष्ट. संशोधकांनी निम्मे तळे मुद्दाम तसेच ठेवले. उद्या अधिक चांगली साधने येतील, तेव्हा पुढच्यांना पाहता यावे म्हणून.

तेव्हा मंडळी, कुदळीला काही वेगळे लागले, तर हात क्षणभर थांबवा. वस्तू जिथल्या तिथे राहू द्या आणि शाळेत किंवा तलाठ्याकडे कळवा. जागेवरून हललेले हाड फारसे बोलत नाही.