अहिल्याबाईंची शिस्त आणि एक आजार

अहिल्याबाई होळकरांचा दिवस सर जॉन माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात तासांनिशी नोंदवला आहे. उजाडायच्या तासभर आधी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, शाकाहारी जेवण, अंमळ विश्रांती. दुपारी दोन ते सहा दरबार. मग पुन्हा पूजा, फराळ, आणि रात्री नऊ ते अकरा परत कारभार. वर्षानुवर्षे हेच. हे वाचून आज कोणीही चटकन म्हणेल, बाईंना ओसीडी असणार!

ओसीडीच्या रुग्णाला आपला चळ नकोसा असतो, पण सुटत नाही. 'ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर' हे प्रकरण निराळे. त्यात माणसाला स्वतःचे वागणे बरोबरच वाटते. फ्रॉइडने १९०८ साली टापटीप, कंजुषी आणि हट्ट ही तीन लक्षणे एकत्र मांडली, तिथून या विचाराला आकार आला. नुसती टापटीप म्हणजे मात्र हा विकार नव्हे. तपशिलात मूळ हेतू हरवणे, दुसऱ्यावर काम न सोपवणे, पुढच्या संकटासाठी पैसा दाबून ठेवणे, नियमापुढे माणूस न दिसणे, अशी ती लक्षणे. सोवळ्याओवळ्यापायी सुनेला रडवणारी आजी आपल्याकडेही असायची. तिला आजारी कोणी म्हटले नाही, 'कडक' म्हटले.

आता इंदूरकडे पाहू. बाई राहत महेश्वरला. इंदूरचा कमाविसदार खंडेराव वीस वर्षांहून अधिक काळ एकाच जागी होता, असे माल्कम सांगतो. फौज तुकोजींकडे. पैसा काशी-गयेच्या देवळांना लागला. इंदूरजवळ तळ पडला असताना तिथला देवचंद नावाचा सावकार निपुत्रिक वारला आणि तुकोजींनी त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. विधवा महेश्वरला धावली. बाईंनी तिला वारस ठरवले, वस्त्रे दिली आणि तुकोजींना तळ हलवायला सांगितले. नियमाआडून माणूस दिसत होता तो असा.

आणि त्या वेळापत्रकामागे काय होते? नवरा १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पडला, सासरे १७६६ मध्ये गेले, मुलगा १७६७ मध्ये. पूजेच्या नि दरबाराच्या वेळा हाच आधार असावा, असे मला वाटते. १७९१ मध्ये मुलगी मुक्ताबाई सती गेली. तेव्हा मात्र तीन दिवस बाईंनी अन्नाला हात लावला नाही, तोंडातून शब्द काढला नाही. मग सावरल्या आणि लेकीच्या स्मारकाचे काम सुरू केले.